कोंकणांतील महाविद्यालयीन कबड्डी : एका हंगामाची घडण

भाताची कापणी उरकली, घरापुढचीं खळीं चोपून सारवून तयार झालीं, म्हणजे रत्नागिरीच्या आसपासच्या खेड्यांतून तिन्हीसांजेला एक आवाज ऐकूं येऊं लागतो. एक पोरगा एकच शब्द न थांबतां घोकीत असतो आणि त्याच्याभोंवतीं सात जणांचें कडें डोळ्यांत तेल घालून उभें असतें. पूर्वीं हा शब्द 'हुतुतू' असे. आतां तो 'कबड्डी' झाला आहे. शब्द बदलला, मैदानाचीं मापें ठरलीं, घड्याळ आलें, पंच आले. परंतु एका दमांत शत्रूच्या घरांत शिरावयाचें, हाताला लागेल त्याला शिवावयाचें आणि दम तुटण्यापूर्वीं आपल्या घरीं परत यावयाचें, हा खेळाचा गाभा जसाच्या तसा राहिला आहे. या खेळासाठीं जून महिन्यांत एकत्र येणारा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा संघ हिवाळ्यापर्यंत कसा घडतो, त्याची प्रगति कशी मोजावयाची आणि त्यांत मुलाचें व त्याच्या घराचें काय पणाला लागलेलें असतें, हा विषय सुशिक्षित कुटुंबांनीं नीट समजून घेण्याजोगा आहे.

मैदानी खेळांच्या जन्मकथा बहुधा एकाच वळणाच्या असतात. आधीं गांवचीं पोरें खेळतात, मग तो खेळ शाळेंत शिरतो, शाळेंतून नियमांची वही निघते आणि वहीच्या मागोमाग मंडळें, चषक व पंच येतात. इंग्लंडांतील रग्बी या गांवच्या शाळेंत असेंच घडलें. तेथील एका विद्यार्थ्यानें १८२३ सालीं फुटबॉल खेळतांना चेंडू उचलून पळ काढला व त्यांतून नवा खेळ जन्मला, ही कथा लोकांना प्रिय असली तरी तिला भक्कम पुरावा नाहीं. मात्र १८४५ सालीं त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीं नियम लिहून काढले आणि १८७१ सालीं लंडन येथें त्या खेळाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली, ही गोष्ट इतिहासाची आहे. हा खेळ इंग्रजांबरोबर कलकत्त्यास आला. पण तेथील क्लब फार दिवस टिकला नाहीं. १८७८ सालीं तो मोडला तेव्हां शिलकेंतले चांदीचे रुपये वितळवून त्यांचा एक चषक घडविण्यांत आला, आणि त्या 'कलकत्ता चषका'साठीं इंग्लंड व स्कॉटलंड यांचे संघ अद्याप झुंजतात. रग्बीला हिरवळीचें विस्तीर्ण मैदान लागतें. कोंकणांतल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर हिरवळ असते ती पावसाळ्यापुरती. येथें रुजला तो रग्बीच्या नात्यांत शोभेल असा, पण साधनांचा मुळींच खर्च नसलेला देशी खेळ. रग्बींत चेंडू उराशीं धरून शत्रूच्या हद्दींत घुसावें लागतें. कबड्डींत चेंडूच नसतो, घुसणारा गडी हाच चेंडू.

या खेळाचे पूर्वीं प्रांतोप्रांतीं निरनिराळे प्रकार होते. बंगाल्यांत त्याला हाडूडू म्हणत, तामिळ मुलुखांत चेडुगुडू. महाराष्ट्रांतही संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार प्रचलित होते. संजीवनींत शत्रूचा गडी मारला म्हणजे आपला मेलेला गडी पुन्हां उठे. गामिनींत मेलेला गडी बाहेरच बसे व एका बाजूचे सारे गडी संपेपर्यंत खेळ चाले. अमर प्रकारांत गडी मेला तरी मैदान सोडीत नसे. त्याच्या मरणाचा केवळ गुण मांडला जाई. तीन गांवांचे तीन नियम असले म्हणजे सामन्यापेक्षां वादच अधिक वेळ चालावयाचा, हें ओघानेंच आलें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत व्यायामप्रेमी मंडळींनीं हा गोंधळ निस्तरण्यास आरंभ केला. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानें नियम प्रसिद्ध करून स्पर्धा भरविल्या. १९३४ सालीं अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानें त्यांस व्यवस्थित रूप दिलें. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिक स्पर्धांच्या वेळीं देशी खेळ करून दाखविले, त्यांत हाही होता. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. १९५२ मध्यें मद्रास येथें पुरुषांच्या व १९५५ मध्यें कलकत्ता येथें स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. १९६१ सालीं आंतरविद्यापीठ स्पर्धांत कबड्डीला स्थान मिळालें आणि अंगणांतला खेळ महाविद्यालयाच्या फलकावर आला. संजीवनीचेंच तत्त्व अखेर टिकलें : एक मारला कीं एक जगला. या कार्यासाठीं महाराष्ट्रांत ज्यांनीं आयुष्य वेंचलें, त्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस राज्यांत कबड्डी दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थिदशा आणि शरीरसाधना यांचा संबंध रत्नागिरीस नवा नाहीं. १८५६ सालीं या गांवीं जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेल्यावर पहिलें वर्ष पुस्तकांपेक्षां शरीर कमावण्यालाच अधिक वाहिलें, ही हकीगत महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. त्या काळीं रत्नागिरीच्या मुलाला उच्च शिक्षणासाठीं घाट ओलांडून पुण्यास जावें लागे, किंवा बोटीनें मुंबई गांठावी लागे. शहरांत महाविद्यालय निघालें तें १९४५ सालीं. तेंच आजचें गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. आज जिल्ह्यांतलीं अशीं अनेक महाविद्यालयें मुंबई विद्यापीठाशीं संलग्न आहेत, आणि त्यामुळें त्यांच्या खेळाडूंना शेवटची कसोटी मुंबईच्या खेळाडूंशीं द्यावी लागते. हें नातें एका अर्थानें घरचेंच आहे. कोंकणांतून गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांनीं हुतुतू आपल्याबरोबर नेला. लालबाग-परळच्या चाळींतून व्यायाममंडळें उभीं राहिलीं. गणपतीला आणि शिमग्याला गांवीं परतणारे हे चाकरमानी मुंबईच्या मैदानांतल्या नव्या पकडी व नवे डावपेंच गांवच्या पोरांना शिकवून जात. कोंकणची कबड्डी अशी मुंबई व गांव यांच्यामध्यें येरझारा घालीत वाढली.

महाविद्यालयाच्या हंगामाचा आरंभ मात्र मोठ्या अडचणीच्या वेळीं होतो. जूनमध्यें वर्ग सुरूं होतात आणि त्याच सुमारास पाऊसही. रत्नागिरीस वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मातीचें मैदान तेव्हां चिखल होऊन बसतें. म्हणून पहिले दोन महिने खेळ कमी आणि तयारी जास्त, असा क्रम ठेवावा लागतो. छपराखालीं किंवा सभागृहांत सूर्यनमस्कार, बैठका, दोरीवरच्या उड्या. उघडीप मिळाली कीं चढावाच्या रस्त्यावर धांवणें. आणि रोजचा दमाचा सराव. नव्या मुलांना ही तयारी कंटाळवाणी वाटते. गांवांत नांव कमावून आलेल्या गड्याला तर 'मला काय शिकवतां' असेंच वाटत असतें. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्यें महाविद्यालयामहाविद्यालयांचे सामने सुरूं होतात, तेव्हां पहिल्या दहा मिनिटांनंतर कोण धापा टाकतो आणि कोण टाकीत नाहीं, यावरून जूनमधली हजेरी वाचतां येते.

दम म्हणजे काय, हें येथें पाहिलें पाहिजे. चढाई करणाऱ्यानें मध्यरेषा ओलांडण्यापूर्वींच 'कबड्डी' हा शब्द स्पष्टपणें उच्चारूं लागावयाचा आणि परत येईपर्यंत तो अखंड चालूं ठेवावयाचा. बोलणें उच्छ्वासावर होतें. त्यामुळें जोंवर शब्द चालूं आहे तोंवर नवा श्वास आंत घेतां येत नाहीं. आंत घेतलेल्या एका श्वासाच्या भांडवलावर धांवणें, वळणें, उडी मारणें आणि चौघांच्या तावडींतून अंग सोडविणें, हें सारें करावयाचें असतें. पूर्वीं दम हेंच घड्याळ होतें. दांडग्या दमाचा गडी शत्रूच्या घरांत मनसोक्त रेंगाळे. आतां चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. तरीही दम शत्रूच्या घरांत तुटला तर गडी बाद होतो, आणि शब्द उशिरां सुरूं केला तर प्रतिपक्षाला एक गुण मिळतो. दम चोरण्याचा मोह प्रत्येकालाच होतो. ओठ हलते ठेवून हळूच श्वास घेणारे बहाद्दर गांवोगांव असतात. पंचाचा कान तीक्ष्ण असला तर ही चोरी पकडली जाते. नसला तर ती खेळाडूच्या प्रामाणिकपणावरच सोंपवावी लागते, आणि संघाच्या शिस्तीची पहिली परीक्षा तेथेंच होते.

आतां मैदान. पुरुषांसाठीं तें १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असतें. स्त्रियांसाठीं १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद. मध्यरेषेनें त्याचे दोन समान भाग होतात. पुरुषांच्या मैदानांत मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा असते. चढाई करणाऱ्यानें कोणाला शिवलें नाहीं तरी ही रेषा एकदां ओलांडलीच पाहिजे, नाहीं तर तो बाद. तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. शत्रूचे सहा किंवा सात गडी मैदानांत असतांना ही रेषा ओलांडली तर एक जादा गुण. दोन्हीं कडांना एकेक मीटरची राखीव पट्टी असते; ती झटापट होईपर्यंत मैदानाबाहेर धरली जाते व झटापट सुरूं होतांच मैदानांत जमा होते. संघांत बारा जण, त्यांतले सात मैदानांत. पुरुषांच्या सामन्यांत वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, मध्यें पांच मिनिटांची विश्रांति. वजनाची कमाल मर्यादा प्रौढ पुरुषांस ८५ किलो आहे. या मर्यादेमुळें केवळ धिप्पाडपणावर सामना मारून नेतां येत नाहीं, आणि अंगानें सडपातळ पण पायानें चपळ अशा कोंकणी मुलाला बरोबरीची संधि मिळते.

गुणांचा हिशोब घरांतल्या वडीलधाऱ्यांना प्रथम अवघड वाटतो. वास्तविक तो सोपा आहे. चढाई करणारा जितक्यांना शिवून परत येईल तितके गुण आणि तितके शत्रू बाहेर. तो पकडला गेला तर शत्रूला एक गुण व तो स्वतः बाहेर. असा गुण मिळाला कीं आपला बाहेर बसलेला एक गडी आंत येतो. बोनसच्या किंवा नियमभंगाच्या गुणानें मात्र कोणी उठत नाहीं. एका संघाचे सातही जण बाद झाले म्हणजे त्याच्यावर लोण चढतो आणि प्रतिपक्षास दोन गुण अधिक मिळतात. म्हणजे ज्यानें सातांना ओळीनें बाद केलें, त्याच्या खात्यावर सातांऐवजीं नऊ गुण जमा होतात. दोन-तीन गडी उरले असतां संघ निराश होतो, हें स्वाभाविक आहे. पण तिघांनीं किंवा त्याहून कमी जणांनीं पकड केली तर ती अव्वल पकड मानून एक जादा गुण देण्याची प्रथा आतां रुजली आहे. हरणाऱ्यालाही परत उठण्याची वाट या नियमानें उघडी ठेवली. बाद पद्धतीच्या सामन्यांत बरोबरी झाली तर दोन्हीं संघांना पांच-पांच चढाया देऊन निकाल लावतात.

संघाची खरी घडण चढाईपेक्षां पकडींत दिसून येते. चढाई एकट्याची असते, पकड सर्वांची. मैदानांतल्या सातांची रचना साधारण अशी : दोन कोपऱ्यांवर दोघे, त्यांच्या लगत दोघे, त्यांच्याही आंत दोघे आणि मध्यभागीं एक. बहुधा हे हातांत हात घालून साखळी करतात. कोपऱ्यावरच्याचें काम घोटा धरण्याचें, ज्याला मैदानांत पट काढणें म्हणतात. त्याच्या शेजाऱ्याचें काम क्षणाचाही विलंब न लावतां कमर किंवा मांडी पकडून पळतीचा जोर मोडण्याचें. बाकीच्यांनीं मध्यरेषेकडची वाट बंद करावयाची. चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपलीकडे नुसतें बोट टेकलें तरी पुरतें, आणि तेवढ्यानें त्याला धरणारे सारे एकदम बाद होतात. म्हणून पकड करावयाची ती तो खोल आंत आला असतां व त्याची पाठ वळतांना. उतावळ्या गड्यानें आधींच झेंप घेतली, त्याच्या मदतीला दोघे धांवले आणि चढाई करणारा निसटला, तर एका चुकीचे तीन बळी जातात. अशा वेळीं पहिल्या महिन्यांतला संघ एकमेकांवर ओरडतो. चौथ्या महिन्यांतला संघ गुपचूप पुन्हां साखळी धरतो. हा फरक गुणफलकावर लिहिला जात नाहीं, पण संघाच्या वाढीची ती मोठी खूण होय.

तरीही वाढ आंकड्यांत मोजतां येते, आणि मोजली पाहिजे. चाळीस मिनिटांत प्रत्येक चढाई पुरती ३० सेकंद चालली तर दोन्हीं बाजू मिळून ८० चढाया होतात. म्हणजे एका संघाच्या वांट्याला ४०. एखाद्या जाणत्या मार्गदर्शकानें साधी वही ठेवली तरी पुरे. उदाहरणादाखल समजा कीं हंगामाच्या आरंभीं एका गड्याच्या २० चढायांत ४ वेळां एकेक गुण मिळाला, ७ वेळां तो पकडला गेला व ९ चढाया रित्या गेल्या. मिळविले चार, दिले सात. संघाला तीन गुणांचा तोटा. हाच गडी डिसेंबरमध्यें २० चढायांत ६ वेळां यशस्वी झाला, ३ वेळां पकडला गेला आणि ११ वेळां रिता परतला, तर संघाला तीन गुणांचा नफा. प्रेक्षकांना दोन्हीं वेळीं खेळ सारखाच वाटला असेल. किंबहुना रित्या चढाया वाढल्या म्हणून त्यांनीं नांवेंही ठेवलीं असतील. परंतु वहीच्या हिशोबानें त्या गड्यानें संघाला सहा गुणांनीं वर आणलें. केव्हां जावें, केव्हां परतावें आणि केव्हां नुसता वेळ काढावा, हें कळूं लागणें म्हणजेच प्रगति. जिंकलेल्या चषकांची मोजदाद करणाऱ्याला ती दिसत नाहीं.

कोंकणांतल्या संघाला सर्वांत मोठी ठेंच लागते ती भलत्याच ठिकाणीं : पायांखालीं. गांवांतला आणि बहुतेक महाविद्यालयांचा सराव मातीवर होतो. खडे वेंचून, माती चाळून, पाणी मारून व चोपून केलेलें तांबड्या मातीचें मैदान अनवाणी पायांना मऊ आणि ओळखीचें असतें. मोठ्या स्पर्धा मात्र मॅटवर, म्हणजे फेंसाळ रबरासारख्या जाड तुकड्यांच्या जुळणीवर होतात, आणि तेथें पायांत बूट घालावे लागतात. मातीवर पाय किंचित् घसरतो. वळतांना त्या घसरण्याचा गड्याला उपयोग होतो. मॅटवर बूट चिकटून बसतो. मातीवर सूर मारून पट काढणाऱ्याचें अंग पुढें सरकतें. मॅटवर तें जागच्या जागीं थबकतें आणि घोटा वीतभर दूर राहतो. विद्यापीठाच्या अंतिम फेरींत प्रथमच मॅट पाहणारा संघ कौशल्यांत कमी नसतांनाही पहिल्या पांच मिनिटांत लोण घेऊन बसतो, आणि परतीच्या गाडींत 'आपली तयारीच कमी पडली' असा चुकीचा निष्कर्ष काढतो. वस्तुतः कमी पडलेली असते ती मॅट. ज्या गांवांत एका महाविद्यालयाला ती परवडत नाहीं, तेथें दोन-तीन संस्थांनीं मिळून ती घ्यावी व वार वांटून घ्यावेत, हा व्यवहार्य मार्ग आहे. खर्चाच्या मानानें तिचा लाभ मोठा; कारण याच एका सामन्यावर पुष्कळदां विद्यापीठाच्या संघांतली निवड अवलंबून असते. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, आणि तेथील कामगिरी मुलाच्या पुढील आयुष्याची दिशा ठरवूं शकते.

पालकांच्या मनांत सर्वांत आधीं येतो तो दुखापतीचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. बोटें मुरगळणें, खांदा निखळणें, गुडघ्यांतला अस्थिबंध तुटणें, हे धोके या खेळांत आहेत. नियमांनीं त्यांचा बराच विचार केला आहे. नखें कापलेलीं असलीं पाहिजेत. अंगाला तेल लावण्यास मनाई आहे. तोंड दाबून दम बंद पाडणें, केंस किंवा कपडे धरणें, पायांची कैंची घालणें, इजा होईल अशी आडदांड पकड करणें, हे अपराध आहेत. त्यांसाठीं हिरवें, पिवळें व तांबडें अशीं कार्डें आहेत; हिरवें ताकीद देतें, पिवळें दोन मिनिटें बाहेर बसवितें व तांबडें सामन्यांतूनच घालवितें. परंतु पुष्कळ दुखापती शत्रूमुळें होत नाहींत. थकलेल्या स्नायूंमुळें व दुखणें लपविण्याच्या हट्टामुळें होतात. गुडघा सुजला असतां 'अंतिम सामना झाल्यावर दाखवूं' असें म्हणणारा मुलगा शूर ठरत नाहीं. तो पुढल्या दोन हंगामांची किंमत एका सायंकाळीं चुकवितो. येथें घरच्या माणसांनीं त्याला थांबविलें तर तें खेळाच्या विरुद्ध नसून खेळाच्या बाजूचेंच आहे.

दुसरा प्रश्न अभ्यासाचा व उपजीविकेचा. एके काळीं कबड्डीनें फार तर पोलीस, रेल्वे, बँक अशा ठिकाणीं खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी मिळे. पुष्कळ घरांना त्या एका नोकरीनें वर काढलें. २०१४ सालीं व्यावसायिक प्रो कबड्डी सुरूं झाली आणि दूरचित्रवाणीवर घरोघर हा खेळ पोंचला. तिच्यांत २०१५ च्या हंगामांत मुंबईच्या यू मुंबा संघानें आणि २०२४ च्या मार्च महिन्यांत पुणेरी पलटणनें विजेतेपद मिळविलें. लिलावांतले आंकडे ऐकून खेड्यांतल्या मुलांचे डोळे दिपले तर नवल नाहीं. पण तेथवर पोंचणारे मूठभर. महाविद्यालयाच्या मैदानांतून बाहेर पडणारे हजारों. म्हणून पदवी आणि पट हीं दोन्हीं सांभाळणारा विद्यार्थीच शहाणा समजावा. ज्या संघांत परीक्षेच्या दोन आठवडे आधीं सराव अर्ध्यावर आणतात व मागें पडलेल्याला त्याचेच सोबती शिकवितात, त्या संघांत पालकांनीं मुलाला निर्धास्तपणें पाठवावें.

मुलींच्या बाबतींत संकोच अधिक आहे. खेळ अंगाशीं अंग भिडण्याचा, सराव सायंकाळचा, गांव लांब, शेवटची एस्. टी. चुकली तर घरीं जावयाचें कसें, असे साधे पण खरे प्रश्न असतात. त्यांचीं उत्तरें भाषणांनीं मिळत नाहींत. सरावाची वेळ तासभर अलीकडे ओढून आणि सोबतीची व्यवस्था लावून मिळतात. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५५ पासून चालूं आहेत. २०१० सालीं ग्वांगझो येथें आशियाई क्रीडास्पर्धांत स्त्रियांची कबड्डी प्रथम आली व भारतानें सुवर्णपदक मिळविलें. २०१२ सालीं पाटणा येथें झालेल्या स्त्रियांच्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भारतानें इराणला २५-१९ असें हरविलें. तेव्हां हा खेळ मुलींचा नव्हे, असें म्हणण्यास आतां आधार उरलेला नाहीं.

वरिष्ठ पातळीवरही या खेळानें भारताला एक धडा दिला आहे. १९९० सालीं बीजिंगला पुरुषांच्या कबड्डीचा आशियाई स्पर्धांत समावेश झाल्यापासून २०१४ पर्यंत ओळीनें सात वेळां सुवर्णपदक भारताकडेच राहिलें. २००७ सालीं पनवेल येथें झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांतही इराणला २९-२२ असें नमविलें होतें. तोच इराण शिकत राहिला, आणि २०१८ सालीं जकार्ता येथें त्यानें उपान्त्य फेरींत भारताच्या पुरुषांना व अंतिम फेरींत स्त्रियांना हरविलें. खेळ आपल्या अंगणांत जन्मला म्हणून विजयाचा मक्ता आपल्याकडे राहत नाहीं. त्यानंतर तयारी झाली, आणि २०२३ सालीं हांगझो येथें दोन्हीं सुवर्णपदकें परत आलीं.

२०२० सालीं भुवनेश्वर येथें देशांतील विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धा प्रथम भरल्या, तेव्हां कबड्डी आणि रग्बी या दोहोंचाही त्यांत समावेश होता. एक खेळ गांवच्या खळ्यांतून आला, दुसरा परमुलुखांतल्या शाळेंतून. दोन्हीं आज एकाच विद्यार्थिवर्गाच्या हातीं आहेत. रत्नागिरीसारख्या गांवच्या महाविद्यालयीन संघाचा हंगाम जानेवारीच्या आसपास संपतो, तेव्हां कपाटांत चषक असेल किंवा नसेल. बारा मुलांपैकीं किती जणांचा दम वाढला, किती जणांनीं चुकीचा दोष सोबत्यावर ढकलणें सोडलें, दुखापत किती जणांनीं वेळेवर सांगितली आणि किती जण परीक्षेला बसून पुढल्या वर्गांत गेले, इतक्या चार गोष्टी मार्गदर्शकानें वहींत मांडाव्यात व पालकांनीं त्या विचाराव्यात. चारही रकाने भरलेले असले, तर पुढल्या जूनमध्यें पाऊस सुरूं होईल तेव्हां त्या संघाचा आरंभ शून्यापासून होणार नाहीं.